भावंडांचा रकाना

निवृत्ती सूर्यवंशी एस.टी.त कंडक्टर होता. गाव तेरणेच्या काठी, औसा तालुक्यात. नोकरी मात्र पार नांदेड जिल्ह्यात, हदगाव डेपोला. महिन्यातून दोनदा, फार तर तीनदा गावी चक्कर व्हायची. घरी आई नागुबाई, बायको रेणुका, सहा वर्षांचा प्रीतम आणि चार वर्षांची करुणा. करुणाच्या बाळंतपणानंतर रेणुकानं ऑपरेशन करून घेतलं होतं. एक मुलगा, एक मुलगी, आता बास, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं.

त्र्याण्णव साली गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे भूकंप झाला. त्यांचं घर दगडमातीचं, वर धाबं. नागुबाई शेतात खोपीवर होती म्हणून वाचली. रेणुकाला शेजारच्या शिवप्पानं ओढून काढलं, तिचा उजवा हात मोडला होता. लेकरं दुपारी सापडली.

निवृत्ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला. पाऊस चालू होता, मिलिटरीच्या गाड्या लागल्या होत्या, आणि जाळायचे ते सगळे जाळून झाले होते. नदीकडच्या बाजूला नुसता धूर दिसत होता. कुणीतरी त्याला रेणुकाकडं नेलं. ती ताडपत्रीखाली बसली होती, हात गळ्यात बांधलेला. त्यानं तिच्याकडं पाहिलं, तिनं त्याच्याकडं पाहिलं. नागुबाई मोठ्यानं रडायला लागली. भोवतीच्या माणसांनी निवृत्तीला बाजूला घेतलं आणि बजावलं, "तिला आता काय इचारू नको. बाईमाणूस हाय, मोडून जाईल."

त्यानं विचारलं नाही. तेव्हा नाही, आणि पुढंही नाही. उशीर का झाला हे त्यालाही कुणी विचारलं नाही. रस्ते बंद असतील असं लोकांनी धरलं, उशीर सगळ्यांनाच झाला होता.

मग पत्र्याच्या शेडमधले दिवस सुरू झाले. निवृत्तीची बदली लातूर डेपोला झाली. तो रोज ड्युटीवर जायचा. तिकिटं फाडायचा, सुटे द्यायचा, बेल मारायचा. हिशेबात कधी एक चूक नाही. जेवण पुढं आलं की जेवायचा. मीठ कमी की जास्त हे त्याला कळत नव्हतं. शेडमधली माणसं म्हणायची, "बाप्याचं बरं असतंय. कामाला लागला की इसरतो." निवृत्तीला ते खरंच वाटायचं. आपल्याला काही होत नाही म्हणजे आपण विसरलो असणार, असं तो धरून चालला होता.

उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्याकडचं एक पथक शेडमध्ये आलं. भूकंपानं माणसांच्या मनावर काय झालंय याची पाहणी करायची होती. पुरुषांचा फॉर्म वेगळा, बायकांचा वेगळा. पुरुषांना विचारायचं : कामावर जाता का, दारू वाढली का, झोप लागते का. बायकांना विचारायचं : रडू येतं का, स्वप्नं पडतात का, घर सोडून जावंसं वाटतं का. निवृत्तीचा फॉर्म पाच मिनिटांत झाला. कामावर जातो, पीत नाही, झोप लागते. प्रश्न विचारणाऱ्या पोरानं खूश होऊन त्याच्याशी हात मिळवला.

पत्र्याच्या पलीकडं रेणुकाचं चाललं होतं. निवृत्तीला सगळं ऐकू येत होतं.

"रडू येतं का, ताई?"

"न्हाई."

"मुलं स्वप्नात येतात?"

"न्हाई." मग रेणुकानंच विचारलं, "मॅडम, ऑपरेशन झालेल्या बायांच्या नळ्या पुन्हा जोडून मिळतात म्हणं. ते कुठं होतंय?"

पलीकडं कागदाचा आवाज झाला. ती पोरगी जरा चाचरली. "लातूरला... सरकारी दवाखान्यात होतं. पण ताई, तुमची मुलं जाऊन अजून सहा महिनेच..."

"व्हय. सहा महिने झाले," रेणुका म्हणाली.

त्या दिवशी नागुबाई भडकली. चुलीपुढं बसून ती साऱ्या शेडला ऐकू जाईल असं बोलली, "सहा महिन्यांत हिला दुसरी लेकरं पायजेत. आईचं काळीज हाय का धोंडा? माझ्या लेकाकडं बघा, त्यो तर बाप्या हाय, तरी त्येचा चेहरा बघा."

रेणुका भाकरी थापत राहिली. मोडलेला हात वाकडा जुळला होता, त्यामुळं भाकरी एका अंगाला जाड व्हायची.

निवृत्तीला वाटलं, बाईची जातच तशी असेल. पोट रिकामं राहवत नसेल. त्याला राग आला नाही आणि बरंही वाटलं नाही. दवाखान्यात नवऱ्याची सही लागत होती, ती त्यानं केली. ऑपरेशन झालं. शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत रेणुकाला मुलगी झाली. विहारातल्या भंतेजींना विचारून तिनं नाव ठेवलं उत्पला. निवृत्तीनं पोरीला हातात घेतलं, म्हणाला, "वजन बरं हाय," आणि परत दिलं.

त्यानं उत्पलाचं कधी काही कमी पडू दिलं नाही. ताप आला की रजा टाकायचा, शाळेत सोडायला जायचा. पण पाहुण्याचं लेकरू चार दिवस आपल्याकडं ठेवलंय, त्याला जपून परत द्यायचंय, असं त्याचं तिच्याशी वागणं होतं. पोरीला ते लहानपणीच उमगलं. ती हट्ट करायची तो आईकडं.

एक गोष्ट मात्र निवृत्तीनं कुणालाच सांगितली नव्हती. नव्याण्णव साली एकदा मुरुडच्या स्टँडवर एक बाई पोरासाठी अर्धं तिकीट मागत होती. पोरगं चांगलं ताडमाड होतं. "बारा झाली की बाई ह्येला," निवृत्ती म्हणाला, आणि लगेच त्याच्या डोक्यात आलं, प्रीतमलाही आता बारा झाली. त्यालाही आता पूर्ण लागणार. दोन वर्षांनी करुणालाही. हे त्याला दुःखासारखं काही वाटलं नाही. नुसती नोंद झाली. पुढं त्या नोंदी होतच राहिल्या. प्रीतम दहावीला असेल. प्रीतमला मिसरूड फुटलं असेल. करुणासाठी आता पाहुणे यायला लागले असते. गाडीत त्या त्या वयाची पोरं चढली की तो तिकीट फाडता फाडता त्यांच्याकडं जरा जास्त वेळ बघायचा.

नव्या गावठाणात सरकारनं घरं दिली. नागुबाई तिथंच वारली. शेवटपर्यंत ती सुनेशी मोजकंच बोलली.

उत्पला हुशार निघाली. दहावीला तिला शहाण्णव टक्के पडले. एवढे मार्क पडल्यावर लातूरला नाही पाठवायचं तर काय करायचं? लातूर तोवर पार बदललं होतं. ज्या रस्त्यांवर निवृत्तीनं बाभळी पाहिल्या होत्या तिथं क्लासेस उभे होते. भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, होस्टेलच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले टॉवेल, कोपऱ्याकोपऱ्यावर मेस. हदगाव, देवणी, कुठकुठली पोरं आईबापांसकट येऊन राहिली होती. सूर्यवंशींनीही एक खोली घेतली. निवृत्तीचा डेपो जवळच होता.

दोन हजार बाराच्या जूनमध्ये मेडिकलच्या तयारीसाठी एका अकॅडमीत तिचा प्रवेश घेतला. फॉर्म भरायला निवृत्ती एकटाच गेला, कारण रेणुका खोली लावत होती. फॉर्म चार पानी होता. विद्यार्थ्याचं नाव, जात, आईचं शिक्षण, वडिलांचा व्यवसाय. मग एक रकाना : भावंडे, नाव आणि वय. रांग लांब होती, मागचा माणूस घाई करत होता. निवृत्तीनं पेन न थांबवता लिहिलं :

प्रीतम निवृत्ती सूर्यवंशी, २५.
करुणा निवृत्ती सूर्यवंशी, २३.

आणि पान उलटून सही केली.

महिन्याभरानं अकॅडमीनं पालकांना बोलावलं. मोठा हॉल, आया एका बाजूला, बाप दुसऱ्या बाजूला. अकॅडमीच्या समुपदेशक हिरेमठ मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. विषय होता आईचं मन आणि बापाचं मन. मॅडमचं बोलणं खुमासदार होतं.

"बाईचं मन म्हणजे एका खोलीचं घर," त्या म्हणाल्या. "तिथंच चूल, तिथंच अंथरूण, तिथंच पाहुणा. एक दुखलं की सगळं घर दुखतंय. आणि पुरुषाचं मन म्हणजे लॉज! खोल्या वेगळ्या, किल्ल्या वेगळ्या. ऑफिसची खोली बंद, मग घरची उघडली. दुःखाची खोली असते, पण तिची किल्ली मॅनेजरकडंही नसते."

हॉल हसला. निवृत्तीही हसला. त्याला ते पटलं होतं. आयांच्या बाजूला त्यानं नजर टाकली, तर रेणुका पदराचा काठ बोटाला गुंडाळत खाली बघत होती.

कार्यक्रम संपल्यावर शिपाई आला. "सूर्यवंशी? मॅडमनी दोघांनाबी केबिनला बोलावलंय."

मॅडमच्या टेबलावर फॉर्म होता. त्यांनी तो अलगद पुढं सरकवला.

"मी उत्पलाला सहज विचारलं, भाऊ काय करतो. ती म्हणाली, मला भाऊ नाही, भाऊ-बहीण दोघंही भूकंपात गेले. मी म्हटलं, वडिलांनी तर वय लिहिलंय. ती रडायला लागली. तिला वाईट ह्याचं वाटलं की त्यांची वयं तुम्ही अजून मोजताय, आणि तिच्याशी मात्र..." मॅडम थांबल्या. "असो. ते तिलाच विचारा."

रेणुकानं फॉर्म हातात घेतला. तिला वाचायला वेळ लागायचा. तिनं दोन्ही नावं वाचली, आकडे वाचले, आणि कागद टेबलावर ठेवला. निवृत्तीनं भिंतीवरच्या वेळापत्रकाकडं पाहिलं.

"घाईत लिहिलं," तो म्हणाला.

"त्यात लाजण्यासारखं काही नाही, काका," मॅडम मायेनं म्हणाल्या. "मी मघाशी तेच सांगत होते. पुरुष बोलत नाहीत. कुलूप लावतात. बाई बोलून, रडून मोकळी होते, म्हणून ती पुढं जाऊ शकते. मनाच्या घडणीतलाच फरक आहे हा."

"मॅडम," रेणुका म्हणाली, "मी कुणाशीच बोलले न्हाई. रडलेबी न्हाई."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"बाई-बाप्याचं काय न्हाई ह्यात," रेणुका म्हणाली. "मी बघितलंय त्यांना. ह्यांनी बघितलं न्हाई. येवढंच हाय."

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं केला, तो कुणी उचलला नाही. थोड्या वेळानं दोघं जयभीम करून बाहेर आले.

उत्पलाचा तास सुटायला अजून वेळ होता. दोघं अकॅडमीच्या मागच्या जिन्यावर बसले. वर्गातून सरांचा माईकवरचा आवाज येत होता. निवृत्ती बराच वेळ बुटाच्या नाडीशी खेळला.

"काय बघितलंस?" त्यानं विचारलं.

रेणुकानं त्याच्याकडं पाहिलं. एकोणीस वर्षांत त्यानं हे पहिल्यांदा विचारलं होतं.

"दोघं एकाच वाकळंत होते," ती म्हणाली. "करुणीच्या तोंडात माती होती. मी डाव्या हातानं काढली. डोळे मिटलेले होते. प्रीतमच्या अंगावर कुठं खरचटलंबी नव्हतं. मला वाटलं, झोपलाय. मी हाक मारली."

"मग?"

"मग शिवप्पानं दोघांना उचललं. माझा हात चालत नव्हता. मी मागं मागं गेले. लाकडं कमी होती, दारंखिडक्याच टाकल्या. आपल्या घराचं दारबी टाकलं त्यात. मी शेवटपर्यंत हुते." तिनं वाकडा जुळलेला हात मांडीवर घेतला. "म्हणून मला कळलं की न्हाईत आता. तुम्ही कधी इचारलं न्हाई. मला वाटलं, बाप्याचं काळीज येगळं असतंय."

"मला वाटलं, तुला इचारलं तर तू मोडशील."

"मोडले असते तर मोडले असते की."

आत काहीतरी व्हायला हवं होतं, असं निवृत्तीला वाटत होतं. काही होत नव्हतं. जिन्याच्या कठड्यावर कुणीतरी पेनानं सूत्रं लिहून ठेवली होती, ती तो वाचत राहिला.

मग रेणुका म्हणाली, "तुम्ही दुसऱ्या दिवशी आलाव. रस्ते बंद होते का?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे त्याला ठाऊक होतं. खोटं बोलता आलं असतं.

"न्हाई," तो म्हणाला. "मला सकाळी आठलाच कळलं. डेपोत रेडिओ चालू होता. गाड्या चालू होत्या. माझी नांदेडची फेरी होती, गाडी भरलेली होती. मी तिकिटं फाडली. नांदेडला गेलो, परत हदगावला आलो. पुन्हा गेलो. कंट्रोलर म्हणला, सूर्यवंशी, तुमचं गाव तिकडंच हाय ना, जावा की. मी म्हणलं, ही फेरी करून जातो. दिवसभर करत राहिलो. रात्री डेपोतच झोपलो, आन् सकाळी निघालो."

"कामून?"

"मला ठाव न्हाई. जोवर तिकिटं फाडत होतो तोवर काय झालेलं नव्हतं."

रेणुका उठली. साडी झटकली. "मी भाजी घिऊन येते, तुम्ही पोरीला घिऊन या," असं म्हणून ती जिना उतरून गेली.

त्यानंतर आठ दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. ताट वाढलंय, पाणी आलंय, पोरीची फी भरायची हाय. उत्पला दोघांकडं आळीपाळीनं बघायची. तिनं बापाला काही विचारलं नाही आणि तिला कशाचं वाईट वाटलं हे विचारायला तोही धजला नाही. नवव्या दिवशी निवृत्तीची सुट्टी होती. दुपारी रेणुका दारात बसून डाळ निवडत होती. मान वर न करताच ती बोलली.

"तुम्ही आला असताव तर शिवप्पाला उचलावं लागलं नसतं."

"हाव," निवृत्ती म्हणाला.

"परक्या माणसानं उचललं माझ्या लेकरांना."

"हाव."

"नुसतं हाव हाव करू नका!"

त्यानं मान हलवली. तिनं ताटातला एक खडा बाहेर फेकला. आत उत्पला गणित सोडवत होती, तिचं पेन थांबलं. थोड्या वेळानं रेणुका म्हणाली, "रविवारी जुन्या गावाला जाऊ. जागा तरी बघा."

रविवारी तिघं गेले. उत्पलानं नोट्स बरोबर घेतल्या होत्या, सोमवारी तिची चाचणी होती. जुन्या गावात आता माणूस राहत नव्हतं. दगडांचे ढीग, त्यांच्यावर वेड्या बाभळी, मधूनच एखादी चौकट. आपलं घर कुठलं हे रेणुकालाही सांगता आलं नाही. नदीच्या अंगाला मोकळी जागा होती, तिथं ती उभी राहिली.

"इथं. न्हाईतर जरा तिकडं. धूर लई होता."

निवृत्तीनं त्या जागेकडं पाहिलं. गवत होतं. कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या. त्यानं चप्पल काढली, पण पुढं काय करायचं ते त्याला सुचेना. मग त्यानं विचारलं, "प्रीतमच्या अंगात सदरा कुठला होता?"

"आठवत न्हाई."

"आठवत न्हाई म्हंजी?"

"म्हंजी आठवत न्हाई. करुणीचा झगा आठवतो, पिवळा. त्येचं न्हाई आठवत."

"मी मुरुडहून हिरवा आणला होता. गणपतीला घालायला. त्यो होता का?"

"न्हाई आठवत म्हणते ना!"

"असं कसं आठवत न्हाई?" निवृत्तीचा आवाज चढला. एवढा चढला की शेळ्या बाजूला झाल्या. "तू हुतीस तिथं! शेवटपर्यंत हुतीस म्हणतीस, आन् सदरा आठवत न्हाई तुला? काय बघितलंस मग?"

"तुम्ही यायचं हुतं मग बघायला!" रेणुकाही ओरडली. "हदगावला तिकिटं फाडत बसलाव, आन् आता सदरा इचारताव! एका हातानं काय काय बघू मी? तोंडातली माती काढू, का सदरा बघू?"

ती ओरडत राहिली, तोही ओरडत राहिला. कोण काय म्हणतंय हे दोघांनाही नीट कळत नव्हतं. उत्पला दगडावर बसली होती, ती उठून उभी राहिली. तिनं आईबापांना असं भांडताना कधीच पाहिलं नव्हतं. तिला भीती वाटली, पण ती मध्ये पडली नाही.

शेवटी निवृत्ती खाली बसला. त्याला घाम आला होता आणि तोंड कडू झालं होतं. रेणुकानं पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्याच्यापुढं धरली. तो पाणी प्याला, उरलेलं त्यानं तिला दिलं. उत्पला येऊन दोघांच्या जवळ बसली.

"पप्पा," ती म्हणाली, "फॉर्मवर ते खोडायला सांगू का?"

निवृत्तीनं विचार केला. "नावं राहू दे," तो म्हणाला. "वय काढ."

दुसऱ्या दिवशी उत्पलानं तसं केलं. चाचणीत तिला फार बरे मार्क पडले नाहीत. पुढं मेडिकलला तिचा नंबर लागला नाही, नांदेडला आयुर्वेदाला लागला, आणि तिला सोडायला निवृत्तीच गेला. होस्टेलच्या दारात ती म्हणाली, "दर रविवारी फोन करा, मम्मीला लावायला सांगू नका, तुम्ही लावा." त्यानं हो म्हटलं. पहिल्या दोन रविवारी तो विसरला. तिसऱ्या रविवारी तिचाच फोन आला आणि तिनं त्याच्यावर बराच राग काढला. तो कानाला फोन लावून शेवटपर्यंत ऐकत उभा होता.